धनुर्मासातलं कुलूप

१८ डिसेंबर, गुरुवार

नव्या सरकारी घरांच्या किल्ल्या वाटल्या. मांडव, खुर्च्या, भाषणं — दोन तास गेले. मी कडेला यादी घेऊन उभा. नाव पुकारायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा, किल्ली द्यायची.

कामाक्षी अम्माचं नाव पुकारलं तर कुणी उठेना. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मागून आवाज आला, "रायरे, मी इथेच आहे. नाव कसं वाटतं ते ऐकत होते." लोक हसले. आमच्या कार्यालयाच्या मुख्य अधिकारी धनलक्ष्मी मॅडमही हसल्या, आणि त्या कार्यक्रमात सहसा हसत नाहीत.

इथे तमिळ मुलखात आम्हा मराठी लोकांना रायर म्हणतात. तीही तेच म्हणते.

साठी उलटलेली बाई. मागेपुढे कुणी नाही. देवळाच्या रथाची शेड आहे, तिच्या भिंतीला टेकून फुलांच्या माळा गुंफते आणि तिथेच निजते. सात वर्षं झाली. वादळात कालव्याकाठची झोपडी गेली तेव्हापासून. बेघरांच्या पाहणीत तिचं नाव मीच लिहिलं. तीनदा यादीतून गळलं — रेशनकार्डावर पत्ता वाहून गेलेल्या झोपडीचा, दुसरा कागद नाही. तीनदा मीच परत घातलं. शेवटी चिठ्ठी निघाली. पापनाशम रस्त्याला नवी वसाहत झाली आहे, तिथे तळमजल्यावर एक खोली, मोरी, संडास. घर क्रमांक चौदा.

किल्ली हातात घेतल्यावर तिचा पहिला प्रश्न — "चांगला दिवस कधी?"

म्हणालो, "आता मार्गळी लागली. तै महिना लागू द्या. पोंगल झालं की दिवस पाहू."

आमचा धनुर्मास, त्यांची मार्गळी. महिना देवाचा. या महिन्यात कुणी नव्या घरात राहायला जात नाही. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली. "तुम्ही पूजाअर्चा करणारे, म्हणून विचारून घेतलं." किल्ली कमरेच्या पिशवीत टाकून नाडी ओढली.

फार दिवसांनी समाधानाने लिहितो आहे.

२१ डिसेंबर

पहाटे स्नान, पूजा, मुगाच्या डाळीची हुग्गी, म्हणजे मऊ खिचडी. माझ्या बायकोने, वसुमतीने, चार घरी पाठवली. शेडकडेही डबा नेला. कामाक्षी अम्मा म्हणाल्या, "पुढच्या मार्गळीत मी करून आणते. तेव्हा माझ्याकडे चूल असेल." मग फुलं घेणाऱ्या बायकांना सांगत बसल्या — तळमजला आहे, दार पूर्वेला आहे, खिडकीतून नारळाची झाडं दिसतात. एक बाई म्हणाली, "मग इथे फुटपाथवर काय करताय?" तर म्हणतात, "महाराणी मुहूर्तासाठी थांबलीये."

३० डिसेंबर

एकादशी. उपास. पाऊस संध्याकाळपर्यंत थांबला नाही. शेडपाशी कामाक्षी अम्मा प्लास्टिकचा कागद ताणून बसल्या होत्या. म्हणालो, पंधराच दिवस राहिले. म्हणाल्या, सात वर्षांपुढे पंधरा दिवस काय.

९ जानेवारी, शुक्रवार

वसाहतीची तपासणी. मी आणि सुब्रमण्यम. तो माझ्यापेक्षा वयाने लहान, हुद्द्याने बरोबरीचा, तोंडाने मोठा. तक्त्यात दोनच रकाने — 'राहतात' आणि 'कुलूप'. घर क्रमांकापुढे एका रकान्यात खूण करायची. खाली दोघांच्या सह्या.

चौदा नंबरला आलो. कुलूप. पण दारापुढे सडा घातलेला, त्यावर कोलम, पिठाची रांगोळी, काढलेला. मोठा, चुकीची एक रेघ नाही. मधोमध शेणाचा गोळा आणि त्यावर भोपळ्याचं पिवळं फूल, मार्गळीत ठेवतात तसं. मी उभाच राहिलो. शेजारची बाई दारातून म्हणाली, "म्हातारी दर शुक्रवारी पहिल्या बसने येते. कोलम काढते, पायरीवर थोडा वेळ बसते, फुलांच्या वेळेला परत जाते. मी म्हटलं, आत तरी बसा. तर म्हणते, अजून महिना सरायचाय."

सुब्रमण्यमने पेन्सिल कानावरून काढली. "अण्णा, 'राहतात' मध्ये खूण करू का? कोलम आहे, फूल आहे. एवढं तर राहणारे पण करत नाहीत."

"कुलूप आहे ना?"

"आहे."

"मग कुलूप लिही. जे दिसतं ते लिहायचं."

"कोलम पण दिसतोय की."

"त्याला रकाना नाही."

तो हसला. खूण केली. मी सही केली.

किल्ली घेतल्यापासून एकवीस दिवसांत राहायला जावं, असं वाटपपत्राच्या मागे छापलेलं असतं. ते मला ठाऊक आहे. पण या कामावरच्या आठ वर्षांत पाहिलंय — आधी एक नोटीस जाते, मग महिनाभर मुदत. तोवर तै महिना लागून जाईल. आणि खोटी खूण मी कधी केलेली नाही.

१२ जानेवारी, सोमवार

अकरा घरांचं वाटप रद्द. फलकावर यादी लागली. नोटीस नाही, मुदत नाही. सातवं नाव तिचं.

दोनदा वाचलं. मग घर क्रमांक वाचला. मग खाली पाहिलं — 'तपासणी अहवालावरून'. त्या अहवालावर माझी सही आहे.

फलकासमोर किती वेळ उभा होतो कळलं नाही. शिपायाने विचारलं, "सार, पाणी आणू?"

१३ जानेवारी

मॅडमना भेटलो.

"एकवीस दिवस, सेतुमाधव. मागच्या पानावर छापलंय."

"पूर्वी आधी एक नोटीस जायची, मॅडम."

"पूर्वी प्रतीक्षा यादीत चारशे माणसं नव्हती. घरं घेऊन कुलूप लावतात, मग भाड्याने देतात. रोज एक तक्रार येते. म्हणून या वेळी नियम होता तसाच पाळला."

"ती बाई तशी नाही. मार्गळी होती म्हणून थांबली."

त्यांनी चष्मा काढला. "मलाही मार्गळी कळते. माझ्या आईने असल्या महिन्यात साधी चटई नव्या घरात नेली नसती. पण कुलुपावर मार्गळी लिहिलेली नसते." मग म्हणाल्या, "एकोणतीसला सुनावणी आहे. आपल्याच माणसाने तिला चुकीचं सांगितलं असं निघालं, तर घर परत देता येतं. तसं काही आहे का? तिला थांबायला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

विचारून सांगतो! कुणाला विचारणार होतो?

१४ जानेवारी, भोगी

सांगावं लागलंच. शेडपाशी गेलो तर कामाक्षी अम्मांनी दूध तापवायला नवं पातेलं आणलं होतं. कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. "नववी तारीख तैची, शुक्रवार पडतो, चालेल का?" असं मलाच विचारलं.

मी सगळं सांगितलं. एकवीस दिवसांचं, तपासणीचं, माझ्या सहीचं. मान खाली घालून सांगितलं.

ऐकून घेतलं. मग पिशवीची नाडी सोडली, किल्ली काढून तळहातावर धरली.

"पण किल्ली तर माझ्याकडे आहे की, रायरे."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"किल्ली माझ्याकडे आहे आणि घर माझं नाही — असं कसं?" रागावून नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारत होत्या. गिऱ्हाईक आलं. दोन हात अबोली मोजून दिली. मग पातेलं उचललं आणि पोत्याखाली सारलं, लोकांच्या नजरेआड.

१५ जानेवारी

पोंगल. वसुमतीने विचारलं, काय झालंय. काही नाही म्हणालो.

१७ जानेवारी

आज पूजेला बसलो आणि मध्येच थांबलो. देवाचा महिना म्हणून मी एका बाईला महिनाभर उघड्यावर बसवली. पावसात, किल्ली कमरेला असताना. देवाला विचारलं होतं का? नाही. वडील सांगत, अप्पाजी आजोबा सांगत, म्हणून सांगितलं. त्यांनी ज्यांना सांगितलं ते सगळे एका घरातून दुसऱ्या घरात जाणारे होते. त्यांना महिनाभर थांबायला पहिलं घर होतं. रस्त्यावरून घरात जाणाऱ्याला काय सांगायचं, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं आणि मीही विचार केला नाही. सात वर्षं तिला शेडपाशी पाहतो आहे, तरी नाही केला.

आणि ती खूण. मी खोटं लिहीत नाही याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. तो आनंद आठवतो.

कोलम दिसला होता. मी मुद्दाम रकाना शोधला नाही.

१९ जानेवारी, सोमवार

जबाब लिहून दिला. तमिळमध्ये, एक पान. 'सदर बाईंनी विचारले असता मी, खाली सही करणाऱ्याने, पोंगलपर्यंत राहायला जाऊ नये असे सांगितले. एकवीस दिवसांची अट मला माहीत होती. ती मी त्यांना सांगितली नाही.'

सुब्रमण्यमने वाचलं. "अण्णा, हे काय? 'अट माहीत होती' हे तरी खोडा."

"माहीत होती."

"देवळात सांगा हे. इथे कशाला सांगताय? मेमो येईल. मग निलंबन. निलंबन झालं की आधी क्वार्टर जातं, हे तुम्हीच मला सांगितलंय, आपल्या पंपवाल्याला निलंबित केलं त्या वेळी."

"सांगितलंय."

"मग? वहिनींना काय शेडपाशी नेऊन बसवणार?"

मी कागद आवक टेबलावर दिला. शिक्का बसला तेव्हा बरं वाटलं.

संध्याकाळी वसुमतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. आमचं स्वतःचं घर नाही. गावचं होतं ते भावांनी आणि मी मिळून विकलं, बहिणीच्या लग्नाच्या वेळी. बावीस वर्षं क्वार्टरातच संसार झाला. मुलगा प्रणवेश इथेच रांगला.

"तुमचं चुकलं, तुम्ही कबूल केलं. बरोबर आहे," ती म्हणाली. "पण अहो, आपण कुठे जायचं?"

"देव बघेल."

"हो. तिचं बघितलंच आहे."

असं ती कधी बोलत नाही.

२३ जानेवारी

आज शुक्रवार. तैची नववी, त्यांनी धरलेला दिवस. शेडसमोरून गेलो नाही, मागच्या गल्लीने गेलो.

२७ जानेवारी

वसुमती शांत झाली आहे. परवापर्यंत बोलत नव्हती, आज आपणहून म्हणाली, सुनावणीला धुतलेला शर्ट घालून जा, मी इस्त्री करून ठेवते. मी ही वही लिहीत असताना बाजूला येऊन बसली. "काय लिहिता एवढं?" म्हणालो, हिशेब नाही, असंच. तिला बाळबोध लिपी वाचता येत नाही, मराठी बोलता मात्र माझ्याहून चांगलं येतं. अक्षरांवरून बोट फिरवलं आणि उठून गेली.

२९ जानेवारी, गुरुवार

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

अकरापैकी सातजण आले होते. कामाक्षी अम्मा केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यात स्वतःचीच शेवंती माळून आल्या होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा मॅडमनी माझा कागद समोर ठेवला. मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं.

"अम्मा, किल्ली मिळाल्यावर तुम्ही राहायला का गेला नाहीत?"

"आळस केला."

"आळस?"

"शेडपाशी गिऱ्हाईक आहे. तिकडे कोण फुलं घेणार? आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले."

मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "हे साहेब म्हणतात, पोंगलपर्यंत जाऊ नका असं त्यांनी तुम्हाला सांगितलं."

कामाक्षी अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"हे? नाही हो, मॅडम. हे तर म्हणाले होते, लगेच जा. वाईट नाहीत ते. मीच ऐकलं नाही."

"विचार करून सांगा. यांनी सांगितलं असेल तर तुमचं घर तुम्हाला परत मिळतं. नसेल सांगितलं, तर आजच ते दुसऱ्याला जातं. समजलं?"

"समजलं. त्यांनी नाही सांगितलं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

माझ्या तोंडून शब्द आला नाही.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. जाणूनबुजून पाहिली, असं मला वाटतं. मग कागद माझ्याकडे सरकवला. "हा परत घेऊन जा." कामाक्षी अम्मांनी किल्ली टेबलावर ठेवली. आवाज होऊ नये अशी हळूच ठेवली. अंगठा दिला.

बाहेर त्यांना गाठलं. "असं का म्हणालात, अम्मा?"

"बस चुकेल, रायरे. फुलं उन्हात ठेवून आलेय." आणि गेल्या.

वाटेत मला कारण सापडलं. मी 'ही खोटं बोलते' म्हणालो असतो, तर सुनावणीत खोटं सांगितलं म्हणून तिचं नाव यादीतून कायमचं गेलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो.

हे कारण मला रेल्वे पुलापाशी सुचलं. त्या खोलीत सुचलं नव्हतं. त्या खोलीत मला फक्त हायसं वाटलं होतं. आधी ते, बाकी सगळं मागून. ही वही कुणी वाचत नाही, तरी लिहिताना मला माझीच लाज वाटते.

३० जानेवारी

पूजा केली. मंत्र म्हटले. मन कशात नव्हतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

चौदा नंबरची किल्ली प्रतीक्षा यादीतल्या साईरामला दिली. रिक्षा चालवतो. बायको, तीन लेकरं, आणि आजवर मेहुण्याच्या घराच्या गच्चीवर. देणारा मीच. कुलूपही मीच उघडून दिलं, ते नवं होतं, जरा अडकत होतं.

आतली खोली झाडलेली होती. ईशान्येच्या कोपऱ्यात मातीच्या पणतीत मीठ आणि हळकुंड. घरात राहायला जाण्याआधी ठेवतात ते. म्हणजे एकदा तरी आत आली होती. एवढंच करून बाहेर पडली असणार, कुलूप लावून पायरीवर बसली असणार.

साईरामच्या बायकोने विचारलं, "हे कुणी ठेवलं, सार?"

"असू द्या," म्हणालो. "शुभ असतं."

तिने लगेच स्टोव्ह पेटवून दूध ठेवलं. दिवस बघितला का, असं मी विचारलं नाही. लेकरं मोरीतला नळ सोडून-बंद करून पाहत होती. दूध उतू गेलं, सगळे हसले, मलाही वाटीभर दिलं. त्यांना घर मिळालं ते काही वाईट झालं नाही. पण हा विचार मनात घोळवत मी किती जपून घरी आलो, तेही मला कळतं आहे.

५ फेब्रुवारी

मॅडमना म्हणालो, कामाक्षी अम्मांचं नाव पुन्हा पाहणीत घालतो. म्हणाल्या, घाला. चारशे तेरावा नंबर.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना वसुमतीने स्वतःच सांगितलं. सुनावणीच्या दोन दिवस आधी ती शेडपाशी गेली होती. कामाक्षी अम्मांच्या पाया पडली. नोकरीचं, क्वार्टरचं सगळं सांगितलं. 'त्यांनी सांगितलं नाही म्हणा,' असं हात जोडून म्हणाली.

मी विचारलं, त्या काय म्हणाल्या?

"माळ गुंफायची थांबल्या नाहीत. विचारलं, तुमच्या क्वार्टरात खोल्या किती? म्हटलं, दोन. तर हसल्या. म्हणाल्या, माझी तर एकच जातेय. मग तुमच्या दोन राहू द्या."

वसुमती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ताटावरून उठलो नाही. तिने दहीभात वाढला, तो जेवलो.